लाईट बिलात वीज किती आणि जुने करार किती?

मे महिन्याचं बिल जूनमध्ये हातात पडतं तेव्हा जळगाव, भुसावळ, धुळ्यातल्या घरांत एकच तक्रार असते. कूलर सोडला तर नवं काही लावलं नाही, मग बिल अडीचपट कसं? त्याच दिवसांत पेपरात बातमी असते की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतली निम्मी आता कोळशाशिवायची झाली आणि सौर वीज अडीच-तीन रुपये युनिटने मिळू लागली. साक्रीच्या माळावरच्या पॅनेलच्या रांगा आणि ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या तर आपण डोळ्यांनी बघतो. मग ही स्वस्त वीज बिलात का दिसत नाही, हे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. फक्त उत्तर मीटरमध्ये सापडत नाही.

बिलातला बराचसा पैसा दहा, पंधरा, वीस वर्षांपूर्वी झालेल्या वीजखरेदी करारांचा असतो. आज जे करार होताहेत ते आपली मुलं फेडणार आहेत. हे एकदा लक्षात आलं की दरवाढ, कोळसा, सोलर, स्मार्ट मीटर या सगळ्या बातम्या एका माळेत बसतात.

## आधी बिल नीट वाचू

एक युनिट म्हणजे हजार वॉटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी वीज. आपल्याकडचा मोठा लोखंडी कूलर, पंखा आणि पाण्याचा छोटा पंप धरून, साधारण दोनशे वॉट घेतो. दुपारी दोन-तीन तास आणि मग रात्रभर, असा बारा तास चालला तर दिवसाला २.४ युनिट, म्हणजे महिन्याला सत्तरच्या वर. दीड टनाचा एसी तासाभरातच एक ते दीड युनिट खातो.

बिलावर पाच ओळी महत्त्वाच्या. स्थिर आकार म्हणजे जोडणी ठेवल्याचे पैसे, घराला कुलूप असलं तरी लागणारे. वीज आकार म्हणजे वापरलेल्या युनिटांचे. वहन आकार म्हणजे तारा, खांब, डीपी यांतून वीज घरापर्यंत आणल्याचे. इंधन समायोजन आकार म्हणजे वीजखरेदीचा खर्च ठरवलेल्या अंदाजापेक्षा वाढला किंवा घटला तर त्याची नंतरची वसुली किंवा वजावट. शेवटी वीज शुल्क, म्हणजे राज्य सरकारचा कर, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. तो विजेवर लागतो तसाच स्थिर आकारावर आणि वहन आकारावरही लागतो.

आता अडीचपटीचं कोडं. वीज आकार टप्प्याटप्प्याने चढतो : पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या, त्यापुढे चौथ्या. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा दर ४.७१ रुपये होता आणि दुसऱ्याचा १०.२९. दोन्हींवर वहन आकार १.१७ रुपये, आणि सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये. त्यानंतर दर बदलले आहेत, पण रचना तीच आहे. या आकड्यांवर हिशोब करून बघा. फेब्रुवारीत ९० युनिटं जाळणाऱ्या घराचं बिल, कर धरून आणि इंधन समायोजन सोडून, साधारण ७६२ रुपये होतं. मे महिन्यात कूलरमुळे १८० युनिटं झाली की तेच बिल १,८९४ रुपये. वापर दुप्पट, बिल अडीचपट. मीटर पळालेला नाही, शंभराव्या युनिटानंतर दरच दुपटीहून जास्त झाला.

याच महिन्यांत आणखी एक कागद येतो, सुरक्षा ठेवीच्या फरकाचा. नियम असा की सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट रक्कम ग्राहकाची ठेव म्हणून जमा असावी. मागच्या वर्षी वापर वाढला असेल तर फरक मागितला जातो. ही ठेव आहे, दंड नव्हे. तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. तरी ऐन उन्हाळ्यात, बी-बियाण्यांच्या खर्चाच्या तोंडावर हा कागद धाडण्यात कुणाला काय शहाणपण दिसतं, हे मला कळलेलं नाही.

## दर ठरवतो कोण, आणि कशावरून?

पूर्वीचं वीज मंडळ २००५ साली तुटलं. वीज बनवणारी महानिर्मिती, मोठ्या वाहिन्यांतून नेणारी महापारेषण आणि घरोघर देणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. आपला संबंध महावितरणशी, पण दर ती स्वतः ठरवत नाही. ती खर्चाचा प्रस्ताव मांडते आणि महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग त्यातलं काय मान्य, काय अमान्य ते ठरवतो. महावितरणच्या खर्चात सगळ्यात मोठा भाग वीजखरेदीचा. म्हणून ही खरेदी कशी चालते ते समजून घ्यावं लागतं.

खान्देशात हे सांगायला सालदारासारखं उदाहरण नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार म्हणजे वर्षभराचा शेतगडी ठरतो. वर्षाचा आकडा एकदा ठरला की पाऊस लांबो, काम असो-नसो, तेवढे पैसे द्यावेच लागतात. रोजंदाराचं तसं नाही. काम असेल त्या दिवशी बोलवा आणि त्या दिवसाची मजुरी द्या, फक्त कापूस वेचणीच्या दिवसांत तो मिळेलच असं नाही आणि मिळाला तर मागेल ती मजुरी.

कोळशाचं वीजकेंद्र हा महावितरणचा सालदार. करार सहसा २५ वर्षांचा, आणि दर दोन भागांत. एक भाग केंद्र तयार ठेवल्याचा. त्यात बांधकामाचं कर्ज, पगार, देखभाल, मालकाचा नफा येतो आणि वीज घेतली नाही तरी तो चुकत नाही. दुसरा भाग जाळलेल्या कोळशाचा, जेवढी वीज घेतली तेवढाच. रोजंदार म्हणजे वीज बाजार, जिथे दुसऱ्या दिवसाची वीज पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेगवेगळ्या भावाने विकली जाते. दुपारी ऊन असताना भाव पडतात, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ते दहा रुपये युनिटच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतात.

आता दिवसा बाजारात दोन-तीन रुपयांत वीज मिळते म्हणून महावितरणने ती घेतली, तर सालदार बांधावर बसून राहतो. त्याचं साल, म्हणजे वर्षाचे ठरलेले पैसे, चुकत नाही. म्हणून नवी वीज स्वस्त झाली की बिल लगेच उतरत नाही. आधीचे सालदार कमी होईपर्यंत दोन्हीकडचा खर्च चालू राहतो.

करार कसा अंगावर येतो याचं महाराष्ट्रातलं जुनं उदाहरण म्हणजे दाभोळ. १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी करार केला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, आणि वीज इतकी महाग पडू लागली की २००१ मध्ये मंडळाने ती घेणंच थांबवलं. रोजच्या दराची बातमी आपण वाचतो, पण कराराची बातमी आतल्या पानावर असते आणि खरी रक्कम तिथे ठरते.

सौर विजेलाही हेच लागू आहे. राष्ट्रीय सौर अभियान २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने ठरवलेला सौर विजेचा दर युनिटला १७.९१ रुपये होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात बोली १.९९ रुपयांवर आली. त्यामुळे सौर वीज स्वस्त आहे का, याचं उत्तर कोणत्या वर्षी सही झाली त्यावर अवलंबून आहे. सुरुवातीला ज्यांनी महाग घेतली त्यांच्यामुळेच पुढे पॅनेल स्वस्त झालं, हेही खरं. पण त्यांचे करार अजून संपलेले नाहीत.

## "दीपनगर आमचं, साक्री आमचं, मग वीज आम्हालाच स्वस्त का नाही?"

हा प्रश्न भुसावळच्या चहाच्या टपरीवर निघतो तेव्हा त्यामागे राग असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. दीपनगरचं औष्णिक केंद्र हतनूरच्या धरणातलं तापीचं पाणी पितं. तिथे ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि शेजारी ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला. एक युनिट बनवायला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण ताकदीने दिवसभर चालला तर सव्वा कोटीच्या आसपास युनिटं बनतात आणि सात-आठ हजार टन कोळसा जळतो, म्हणजे दोन मालगाड्या, रोज. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के. वीज तारेतून निघून जाते आणि राख इथेच राहते.

नंदुरबारचं दुखणं याहून जुनं. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं गेली. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. बुडाले ते नर्मदाकाठचे पाडे, आणि वाटा जमा झाला साऱ्या राज्याच्या खात्यात. सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर तार पोचायला त्यानंतरही वर्षानुवर्षं लागली.

तरी दर स्थानिक करता येत नाही, आणि केला तर तो आपल्याच अंगाशी येईल. वीज एकदा जाळ्यात शिरली की दीपनगरची कोणती आणि नागपूरजवळच्या कोराडीची कोणती हे वेगळं काढता येत नाही. उद्या दीपनगरचा संच बंद पडला की जळगावात उजेड चंद्रपूरच्या किंवा छत्तीसगडच्या विजेवर असतो. शिवाय दूरच्या पाड्यावर तार नेण्याचा खर्च शहरातल्या ग्राहकापेक्षा कितीतरी जास्त. प्रत्येकाने आपला खर्च आपण सोसायचा म्हटलं तर धडगावचा दर जळगावच्या वर जाईल. महावितरणच्या ग्राहकांना राज्यभर एकच दर असण्याचा फायदा खान्देशाच्या डोंगराळ भागालाच जास्त होतो.

माझ्या मते मागणी दराची करू नये, मोबदल्याची करावी. राखेची विल्हेवाट, पाण्याचा हिशोब आणि जमिनीचा भाव ही खरी भांडणं आहेत. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या वयोवृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि त्यात त्याचा जीव गेला. सौर असो की औष्णिक, जमीन दोघांनाही लागते. लिलावात अडीच रुपयांची बोली लागते तेव्हा त्यात जमिनीचा भाव काय धरला आहे, हे विचारायचा हक्क धुळे-नंदुरबारच्या माणसाला इतरांपेक्षा जरा जास्तच आहे.

## "निम्मी क्षमता स्वच्छ झाली म्हणता, मग कोळसा कशाला?"

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने जाहीर केलं की २०३० पर्यंत कोळसा-तेल-वायूखेरीजची क्षमता ५०० गिगावॉट करू आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू. (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट. दीपनगरचे ५०० चे दोन संच मिळून एक.) स्थापित क्षमतेतली निम्मी अशा स्रोतांची करण्याचं लक्ष्यही २०३० चंच होतं. ते २०२५ च्या मध्यावर, पाच वर्षं आधी गाठलं गेलं. बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही. तरीसुद्धा देशात प्रत्यक्ष बनणाऱ्या विजेतली सुमारे सत्तर टक्के आजही कोळशाचीच आहे.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? क्षमता म्हणजे जास्तीत जास्त किती देता येईल ते. निर्मिती म्हणजे खरोखर किती दिलं ते. एक किलोवॉटचं यंत्र महिनाभर अखंड चाललं तर ७२० युनिटं देईल. एक किलोवॉटचं सौर पॅनेल आपल्या उन्हातही महिन्याला ११०-१२० युनिटंच देतं, कारण रात्र, ढग आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन. पॅनेलमध्ये दोष नाही, पण क्षमतेच्या आकड्याला विजेचा आकडा समजण्यात घोटाळा आहे.

त्यात वेळेचा प्रश्न खान्देशात फार टोकदार आहे. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला बुडतो, भिंती आणि स्लॅब मात्र मध्यरात्रीपर्यंत तापलेलेच असतात. कूलर खऱ्या अर्थाने लागतो तो रात्री, म्हणजे नेमकी सौर वीज शून्यावर असताना. पवनचक्क्यांची थोडी साथ होते, पण त्यांचा खरा हंगाम पावसाळ्यातल्या वाऱ्यांचा. देशाची विजेची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॉटवर गेली होती. ती दुपारी भागवणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. रात्री आठ ते अकरा हाच काळ यंत्रणेला घाम फोडतो, आणि त्या तीन तासांसाठी कोळशाचा सालदार ठेवावा लागतो.

म्हणून केंद्र सरकारचं धोरण दोन तोंडांचं वाटतं. एकीकडे ५०० गिगावॉट स्वच्छ ऊर्जा, दुसरीकडे २०३१-३२ पर्यंत आणखी किमान ८० गिगावॉट कोळशाची केंद्रं. अधिकाऱ्यांच्या मते ही सावधगिरी आहे, टीकाकारांच्या मते दुटप्पीपणा. मला त्यामागे भीती दिसते. कारण साठवणूक किती वेगाने स्वस्त होईल याचा नक्की अंदाज कुणालाच नाही, आणि अंधार झाला तर कुठलंही सरकार टिकत नाही. पण आज उभारलेल्या कोळशाच्या संचाचं साल २०५० च्या पुढेपर्यंत द्यावं लागेल. दरम्यान बॅटऱ्या खरोखरच स्वस्त झाल्या तर तो संच बसून राहील आणि बिल आपलंच.

कोळशाचा खर्च दिल्लीतल्या निर्णयांनीही हलतो. टनामागे ४०० रुपयांचा उपकर होता, म्हणजे युनिटमागे साधारण २५-२८ पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो उठला आणि कोळशावरचा जीएसटी मात्र ५ वरून १८ टक्के झाला. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळसा कमी पडला तेव्हा केंद्राने दहा टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं होतं. असे चढउतार आपल्याला इंधन समायोजनाच्या ओळीत भेटतात.

## "शेतकऱ्याला फुकट, म्हणून आम्हाला महाग"

अर्धं खरं. उद्योग, दुकानं आणि जास्त वापराचे घरगुती ग्राहक खर्चाहून जास्त दर देतात, आणि त्यातून शेतीपंप व कमी वापराची घरं खर्चाहून कमी दरात वीज घेतात. याला आंतर-अनुदान म्हणतात. १८० युनिटांवरची कुरकूर करताना हे विसरू नये की पहिली शंभर युनिटं आपणही त्याच खिडकीतून स्वस्तात घेतो.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून दिलेली मोफत वीज ही वेगळी गोष्ट. तिचे पैसे राज्य सरकारने अर्थसंकल्पातून महावितरणला द्यायचे आहेत, म्हणजे ते करातून जातात, थेट बिलातून नाही. सरकारकडून ते वेळेवर आले नाहीत तर कंपनी कर्ज काढते, आणि त्याचं व्याज शेवटी कुठेतरी दरातच शिरतं.

यात मला सगळ्यात आशेची वाटते ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. कल्पना साधी : उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प, आणि त्याच वीजवाहिनीवरचे शेतीपंप त्या विजेवर दिवसा चालवायचे. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि लक्ष्य पुढे १६,००० मेगावॉटपर्यंत वाढलं. तिथली वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. आजवर शेतीला वीज पाळीपाळीने मिळत आली. रात्रीची पाळी आली की केळीला पाणी भरायला माणूस बॅटरी घेऊन निघतो. यावल-चोपड्याच्या पट्ट्यात साप आणि बिबट्या दोन्हींची धास्ती. पंप दिवसा चालले तर त्याची झोप वाचते हे आहेच, पण शहरातल्या ग्राहकाचंही भलं होतं. शेतीची मागणी रात्रीतून उचलून दुपारच्या स्वस्त विजेवर ठेवली की तिच्यासाठी महाग वीज घ्यावी लागत नाही आणि आंतर-अनुदानाचा बोजा हलका होतो. केंद्र-राज्यांच्या सगळ्या घोषणांत बिल प्रत्यक्ष उतरवण्याची ताकद कशात असेल तर ती यात, बाकी सगळं लांब पल्ल्याचं.

## "आकडे टाकणाऱ्यांचं आम्ही का भरायचं?"

काही प्रमाणात भरतोच. तारेत वीज उष्णता होऊन वाया जाते ती तांत्रिक गळती, आणि आकडा, मीटरमधली लबाडी ही चोरी. दर ठरवताना आयोग गळतीची एक मर्यादा मान्य करतो आणि त्यापलीकडचा तोटा कंपनीने सोसावा असं धरलं जातं. कागदावर हे ठीक आहे. कंपनी सरकारी असल्यामुळे तो तोटा शेवटी कर्जात किंवा तिजोरीत उतरतो, म्हणजे पुन्हा आपल्याकडेच. जळालेली डीपी आठ-आठ दिवस बदलली जात नाही तेव्हा ज्या गावात कधी आकडा पडत नव्हता तिथेही पडायला लागतो, हेही जोडीला सांगायला हवं.

## स्मार्ट मीटर पळतो का?

मीटर बदलल्यावर बिल वाढल्याच्या तक्रारी सगळीकडे आहेत. जुना मीटर थकून कमी मोजत असेल तर नव्यावर आकडा वाढतो. मीटर बदल नेमका मार्च-एप्रिलमध्ये झाला तर उन्हाळ्याची वाढ मीटरच्या नावावर जाते. आणि एखादा मीटर खरोखर सदोष निघू शकतो. शंका असेल तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करायचा, तो ग्राहकाचा हक्क आहे. आधी पैसे भरा, मग वीज, असा प्रीपेड मीटर सामान्य ग्राहकाला लावणार नाही, असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं.

स्मार्ट मीटरचा खरा हेतू मात्र वेगळा आहे. कोणत्या तासाला किती वीज वापरली हे तो मोजतो. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावायची वाट मोकळी केली : उन्हाच्या तासांत स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीत महाग. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सूट सुरू झाली. धुणं, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी उरकणाऱ्याला फायदा आहे. पण दिवसभर घरात माणूस असणाऱ्यांचाच तो फायदा. सकाळी कामावर जाऊन रात्री परतणाऱ्या जोडप्याला नाही. आणि आज सूट म्हणून आलेली गोष्ट उद्या संध्याकाळचा जादा दर म्हणून आली, तर खान्देशातला कूलर नेमका त्या जाळ्यात सापडेल. यावर आत्तापासूनच लक्ष ठेवायला हवं.

## छतावर पॅनेल लावलं की सुटलो?

फेब्रुवारी २०२४ मधल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळतं. खान्देशासारखं ऊन असताना तीन किलोवॉटचा संच महिन्याला तीनशेच्या वर युनिटं देतो. नेट मीटरमुळे दिवसा उरलेली वीज जाळ्यात जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होते. ज्याचा वापर दोनशे-तीनशेच्या घरात आहे, छत स्वतःचं आहे आणि हाताशी लाख-सव्वा लाख आहेत, त्याने फार विचार करत बसू नये. वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यातलं असतं, त्यामुळे पैसे काही वर्षांत निघतात. शंभर युनिटांखालच्या घराला मात्र वाचवण्यासारखं थोडंच असतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तर काहीच नाही.

इथे एक गाठ आहे. नेट मीटरवाला दुपारची स्वस्त वीज देऊन रात्रीची महाग वीज त्याच मोलाने परत घेतो. रात्रीसाठी सालदार ठेवल्याचा खर्च उरतो तो ज्यांच्या छतावर पॅनेल नाही त्यांच्याकडे. छतं जितकी भरतील तितका हा वाद वाढेल, आणि दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटाला समान धरायचं का, हा प्रश्न आयोगापुढे पुन्हा पुन्हा येत राहील. पॅनेल लावताना आजचा नियम पंचवीस वर्षं टिकेल असं धरू नये. जमेल तेवढं दिवसाच वापरण्याची सवय केलेली बरी.

## गॅस सोडून इंडक्शन?

देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे साठ टक्के आयात होतो, बहुतेक आखातातून. तिथलं काही बिघडलं की सिलिंडर हलतो. मग शेगडी विजेवर न्यावी का? १४.२ किलोच्या सिलिंडरइतकं काम करायला इंडक्शनवर साधारण १३०-१४० युनिटं लागतात. ती पहिल्या टप्प्याच्या दराने पडली असती तर, २०२४-२५ चे दर आणि कर धरून, खर्च नऊशेच्या आसपास. २०२५ च्या एप्रिलनंतर सिलिंडर साडेआठशे ते नऊशेच्या दरम्यान होता, म्हणजे जवळपास बरोबरी. पण घरातल्या दिवे-पंख्यांनीच पहिली शंभर युनिटं संपवलेली असतात, म्हणून शेगडी दुसऱ्या टप्प्यात जाते आणि खर्च सतराशेच्या पुढे. देशाला तेल-वायूची आयात कमी करायची असेल तर घरगुती दराचे हे टप्पे त्याच्या आड येतात. याचं उत्तर मला अजून कुठल्या धोरणात दिसलेलं नाही. गावाकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जळणाला फुकट मिळते, तिथे तर गॅसचीच बरोबरी होत नाही, वीज लांबच.

## आजच्या सह्या, २०५० चं बिल

साठवणुकीवर सगळं येऊन थांबतं. एक वाट बॅटऱ्यांची. दुसरी उदंचनाची : दुपारी स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज करायची. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे, आणि सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प येऊ घातले आहेत. तिसरी वाट अणूची. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं लक्ष्य आणि छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये जाहीर केले. अणुकेंद्र रात्रंदिवस चालतं ही जमेची बाजू, पण उभारणीचा खर्च प्रचंड आणि उशीर ठरलेला, म्हणजे साल सगळ्यात मोठं असलेला सालदार.

महाराष्ट्राने सही कशावर केली, हेही बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने ६,६०० मेगावॉटचं काम अदानी समूहाला दिलं : ५,००० सौर, १,६०० कोळशाचं, एकत्रित दर ४.०८ रुपये युनिट, मुदत २५ वर्षं. एकत्रित दर आजच्या मानाने चांगला दिसतो. त्यातल्या सौर भागाचा दर पुढे वाढण्याची भीती कमी, कारण उन्हाला भाव नाही. कोळशाच्या भागात इंधनाचा भाव पुढे कुठे जाईल त्यावर बरंच अवलंबून आहे.

असे करार आणि त्यांवरचे दर आयोगासमोर जातात. दरवाढीचा प्रस्ताव आला की २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तो जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला निर्णय देता येत नाही. हरकत कुणीही ग्राहक पाठवू शकतो, वकील लागत नाही. स्वतःच्या बिलाचा वाद असेल तर वाट वेगळी : आधी महावितरणकडे लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यापुढे विद्युत लोकपाल. पण दराविषयी बोलायचं असेल तर प्रस्तावातला वीजखरेदीचा तक्ता उघडावा. त्यात प्रत्येक केंद्रासमोर दोन रकाने असतात, किती युनिटं घेतली आणि स्थिर आकार, म्हणजे केंद्र तयार ठेवल्याचे पैसे, किती दिला. पहिल्या रकान्यात थोडं आणि दुसऱ्यात भरपूर असलेली केंद्रं शोधून, त्यांचे करार कधी संपतात आणि ते पुन्हा वाढवायचा विचार आहे का, एवढं हरकतीत विचारावं.